दुसरी रेघ

द्राक्षांचा हंगाम संपला की आमच्या लॅबला सुस्ती येते. मार्चपर्यंत बागायतदार दारात उभे असतात. कुठल्या फवारणीचा अंश किती राहिलाय ते कळल्याशिवाय त्यांचा माल हलत नाही. एप्रिल लागला की मी आणि सिद्धाराम, दोघंच उरतो. मी मशिनवर, तो गावोगावचे नमुने गोळा करायला. धाराशिवच्या बाहेर, सिमेंटच्या दुकानावरचा पहिला मजला. दुपारी वरचा पत्रा तापला की कट्‌ कट्‌ वाजतो, तेवढाच काय तो आवाज.

त्या मंगळवारी मी मशीन नुसतं धुवायला लावलं होतं. अकराच्या सुमाराला दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशी ओलांडलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोन लिटरची बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून तिनं छातीशी धरली होती, लेकरू धरावं तशी.

"पाणी तपासायचंय," ती म्हणाली.

मी फॉर्म पुढं ओढला. नाव कमलबाई. राहणार परंडा तालुका, सोनारीच्या अलीकडं शेतातली वस्ती.

"बोअरचं का विहिरीचं?"

"हिरीचं."

"प्यायला वापरता?"

"न्हाय. तीन वर्सं झाली, कुणी शिवत न्हाय त्या पाण्याला."

माझं पेन थांबलं. ती बाकावर बसली, बाटली मांडीवर घेतली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, माणसाचं औषिध पाण्यात दिसतं का?"

मग तिनं सांगितलं. तिच्या मालकांना, बलभीमरावांना, फिट यायची. अकरा वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ एक गोळी. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ते विहिरीवर मोटार बघायला गेले आणि परत आलेच नाहीत. काठावर चपला होत्या. तोंड विहिरीकडं.

"गळ टाकले. मग दोन मोटारी लावून दोन दिवस पाणी उपसलं. तळ दिसला बाई. गाळात हात घालून बघितलं लोकांनी. मालक न्हाईत. पोलीस म्हनले, कुटं तरी निघून गेले असतील. दीर म्हनले, भैरोबाच्या जत्रंत दिसले हुते कुणाला तरी. आता घरचे म्हनतेत, किती दिवस वाट बघायची. येत्या सोमवारी दर्भाचा पुतळा करून जाळायचं ठरीवलंय. बांगड्या तवाच फोडायच्या."

तिनं पदराच्या गाठीतून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. कार्बामाझेपिन, दोनशे मिलिग्रॅम.

"अकरा वर्सं ही गोळी त्यांच्या अंगात मुरलीय. ते पाण्यात असले तर हीबी असंल. तेवढं बघा. म्या कुकू लावायचं का पुसायचं, तेवढंच सांगा मला."

खरं तर मी तिला तिथंच नाही म्हणायला हवं होतं. विहीर उपसली, वर तीन पावसाळे गेले, त्या पाण्यात काय राहणार? पण ती पट्टी बघून माझ्या तोंडून नकार निघाला नाही. एम.एस्सी.ला असताना मी वर्षभर याच औषधावर काम केलं होतं. फिटच्या पेशंटांच्या रक्तात ते किती उतरलंय हे मोजायचं, हाच माझा प्रकल्प होता. त्याची शुद्ध पूड माझ्या फ्रीजमध्ये अजून होती.

"उद्या फोन करते, मावशी," मी म्हणाले.

आमचं मशीन काय करतं ते सोप्यात सांगते. पांढऱ्या बारीक भुकटीनं ठासून भरलेली पोलादाची एक नळी असते. तिच्यातून पाणी जोरानं ढकलायचं. पाण्यात जे जे विरघळलेलं असेल ते त्या भुकटीला कमीजास्त चिकटत चिकटत पुढं सरकतं, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरलेल्या वेळेलाच बाहेर पडतो. बाहेर पडताना त्याला एका इवल्याशा काचेच्या खोलीतून जावं लागतं. तिथं एका बाजूनं डोळ्याला न दिसणारा उजेड सोडलेला असतो. नुसतं पाणी गेलं तर उजेड आरपार जातो आणि पडद्यावरची रेघ सपाट राहते. काही विरघळलेलं असेल तर तेवढा उजेड अडतो, आणि रेघ वर उचलते. डोंगर काढावा तशी. आम्ही तिला इंग्रजीतला 'पीक' हा शब्द वापरतो. कमलबाई पुढं तिला नुसती रेघच म्हणायची.

बुधवारी सकाळी मी आधी शुद्ध पाणी सोडलं. रेघ सपाट. मग फ्रीजमधल्या पुडीचं द्रावण सोडलं. अकराव्या मिनिटाला सरळ, देखणी रेघ वर आली. परत शुद्ध पाणी. सपाट. मग कमलबाईच्या बाटलीतलं पाणी गाळून, आटवून भरलं आणि चहा करायला उठले.

चहा कपात तसाच राहिला.

अकराव्या मिनिटाला रेघ उचलली होती. लहान, पण अगदी त्याच जागी. उजेड अडवण्याची तीच तऱ्हा, तीच वळणं. शंकेला जागाच नव्हती. पण माझं लक्ष तिच्याकडं नव्हतं. तिच्या आधी, सातव्या मिनिटाला, आणखी एक रेघ होती.

ती मी ओळखत होते. वर्षभर रोज बघितली होती. हे औषध पोटात गेलं की आपलं काळीज, म्हणजे यकृत, त्याचं थोडंसं दुसरंच काहीतरी करतं. पेशंटच्या रक्तात म्हणून नेहमी दोन रेघा दिसतात, एक औषधाची आणि एक त्या बदललेल्या औषधाची. गोळीत ही दुसरी रेघ नसते. औषध एखाद्या शरीरातून गेल्याशिवाय ती येत नाही.

मी नळी धुतली. बाटली बदलली, सुई बदलली. दुसऱ्यांदा सोडलं. अकरा मिनिटं, सात मिनिटं. तिसऱ्यांदा, तेच.

दुपारी फोन केला तेव्हा मी फक्त एवढंच म्हणाले, "मावशी, औषधाचा अंश आहे. दोन रेघा आहेत. एक गोळीची आणि एक... अंगातून गेलेल्या गोळीची. वस्तीवर दुसरं कुणी ही गोळी घेतं का? शेजारीपाजारी?"

"शेजार कुटला? मी एकलीच हाय इथं."

पलीकडं बांगड्या वाजल्या. मग ती म्हणाली, "म्हंजी हायेत."

गेले होते, किंवा त्यात पडले, असं ती म्हणाली नाही. हायेत म्हणाली.

गुरुवारी पहाटेच सिद्धारामला घेऊन मी निघाले. नमुना आपल्या हातानं घेतलेला बरा, असं मी स्वतःला सांगत होते. सिद्धाराम तिशीचा, पैलवानी अंगाचा, लॅबची जुनी ओम्नी तोच चालवायचा. बार्शी ओलांडून परंड्याच्या बाजूला लागलो तोवर ऊन चढायला लागलं होतं. वस्ती म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, एक लिंब, कडब्याची गंज, आणि शंभर पावलांवर ती विहीर. गोल, वरून दगडानं बांधलेली, खाली काळा कातळ. पाणी चाळीसेक फुटांवर होतं. मोटार कधीच काढून नेलेली.

कमलबाई काठावर उभी होती. आम्हाला बघितलं तरी हलली नाही. तिनं हातातल्या पट्टीतली एक गोळी फोडली, वाकली, आणि पाण्यात सोडून दिली. बऱ्याच वेळानं खालून बारीकसा आवाज आला.

"मावशी, हे काय करताय?"

"आठ वाजले न्हवं?" ती म्हणाली. "सकाळची गोळी. एक येळ बी चुकवून चालत न्हाय त्यांची. चुकली की फिट येती."

"रोज टाकता?"

"सकाळ-संध्याकाळ. तीन वर्सं झाली."

मला हसूही आलं आणि रडूही. एवढंच होतं तर. विहिरीत कुणी नव्हतं, एका बाईची माया होती. दुसऱ्या रेघेचंही काहीतरी कारण निघेल. ऊन लागून, शेवाळ लागून गोळीचंच काही बदललं असेल.

मी तिला लिंबाखाली बसवून समजावलं. पाण्यात औषध आहे ते तुमच्या हातानं गेलेलं आहे, त्यावरून मालक आहेत की नाहीत ते सांगता यायचं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन्‌ ती दुसरी रेघ?"

"तीसुद्धा गोळीचीच असणार. तुम्ही असं करा, आजपासून गोळी टाकू नका. रविवारी मी येऊन परत पाणी नेते, मग नक्की कळेल. सोमवारच्या आत सांगते तुम्हाला."

"बंद करू?" तिचा चेहरा उतरला. "आजवर म्या येकदाबी चुकवली न्हाय."

"चारच दिवस, मावशी."

सिद्धारामनं दोरीला वजनाची बाटली बांधून तळाजवळचं पाणी काढलं. आम्ही निघालो तेव्हा ती गोळ्यांची पट्टी उलटसुलट करत तिथंच बसली होती. तिनं माझं ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

लॅबमध्ये आल्यावर मी खात्री करायला चार काचेची भांडी मांडली. त्या विहिरीचंच पाणी घ्यायचं तर त्यात ते औषध आधीच होतं, म्हणून सोनारीच्या वाटेवरच्या दुसऱ्या एका विहिरीचं, तसंच शेवाळलेलं पाणी सिद्धारामनं येताना भरून आणलं होतं. चारीमध्ये एकेक गोळी विरघळवली. एक भांडं उन्हात, एक अंधारात, एक कपाटावर, एकात कमलबाईच्या विहिरीच्या भिंतीवरचं खरवडलेलं शेवाळ. शनिवारी दुपारी चारही भांड्यांतलं पाणी मशिनमधून सोडलं.

अकराव्या मिनिटाला प्रत्येक वेळी उंचच उंच रेघ. सातव्या मिनिटाला काही नाही. चारही वेळा काही नाही.

मग मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. रोज दोन गोळ्या, तीन वर्षं. दोन हजारांवर गोळ्या त्या विहिरीत गेल्या होत्या. पाणी कुणी उपसत नव्हतं. हे औषध पाण्यात महिनोन् महिने तसंच राहतं, सहजी नासत नाही. विहिरीचा घेर, पाण्याची उंची, पावसाची भर, झऱ्यातून गेलं असेल ते, सगळं धरून मी आकडा काढला. जेवढं औषध त्या पाण्यात असायला हवं होतं, त्याचा शंभरावा हिस्साही नव्हता.

गोळ्या पाण्यात पडत होत्या, पण पाण्यात राहत नव्हत्या.

पत्रा वर कट्‌ कट्‌ वाजत होता. मी खुर्चीत बसून राहिले, आणि प्रकल्पाच्या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दहादा सांगितलेलं एक वाक्य मला आठवलं. हे औषध अचानक बंद करायचं नसतं. अचानक बंद केलं तर नेहमीपेक्षा मोठी फिट येते.

मी कमलबाईला फोन लावला. बंद. संध्याकाळी लावला. बंद.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. वाटेत बार्शीजवळ टायर बसला, नाहीतर लवकर पोचलो असतो. एप्रिलमधली आमच्याकडची दुपार तुम्हाला माहीत असेल. सावली पायाखाली येते, कुत्रंही रस्त्यावर दिसत नाही. वारा म्हणून नव्हता. लिंबाचं एक पान हलत नव्हतं. गुरुवारी विहिरीच्या भिंतीत पारव्यांची घुमघुम चालली होती. आता ते सगळे पारवे कडब्याच्या गंजीवर भर उन्हात ओळीनं बसले होते, आणि त्यातला एकही आवाज करत नव्हता.

कमलबाई काठावर बसली होती. शेजारी दगडावर ठेचलेला कांदा होता.

"बरं झालं आलात," ती कुजबुजली. "सकाळपासनं मला काय तरी वाटाया लागलंय. त्यांचं असंच व्हायचं. आधी येकदम गप व्हायचे."

"गोळी टाका, मावशी. आत्ताच्या आत्ता."

"पट्टी घरात हाय..."

"जा, घेऊन या."

ती उठली. सिद्धाराम तोवर दोरी सोडत होता. नमुना राहू दे, असं मी त्याला म्हणणार होते, पण बाटली पाण्याला लागली होती. तिच्याभोवती एक वर्तुळ उठलं. मग त्याच्या आत दुसरं. मग तिसरं. बाटली स्थिर झाली तरी वर्तुळं थांबेनात. ती बाटलीपासून निघत नव्हती. विहिरीच्या मधोमध निघत होती.

"मॅडम..." सिद्धाराम म्हणाला.

पाणी थरथरत होतं. आधी तापलेल्या तव्यावर थेंब नाचावा तसं बारीक, मग जोरात. थडथड थडथड करत ते कातळावर आदळू लागलं. काठाचे दगड माझ्या तळव्याखाली हादरत होते. आणि त्या आवाजाच्या खाली आणखी एक आवाज होता. जातं कोरडं फिरवल्यासारखा. दाबून, घासून. ते दात होते, हे मला आता सांगायची लाज वाटत नाही.

पाण्यावर फेस आला. पांढरा, चिकट, मधोमध.

"दोरी सोड," मी म्हणाले.

"सुटत नाही..." दोरी त्याच्या मनगटाभोवती आवळली होती आणि सळईसारखी ताठ खाली गेली होती. तो गडी पाय रोवून मागं रेलला होता आणि तरीही तसूतसूनं काठाकडं सरकत होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली.

कमलबाई पळत आली. तिनं आमच्याकडं बघितलंच नाही. ती काठावर पालथी पडली, अर्धं अंग विहिरीत झुकवलं, ठेचलेला कांदा मुठीत धरून हात खाली सोडला आणि अगदी शांत आवाजात बोलू लागली. हजारदा बोललेलं असावं तसं.

"कुशीवर व्हा... कुशीवर व्हा. कायबी न्हाय. म्या हाय इथं. जीभ सांभाळा... झालं. झालं आता..."

किती वेळ गेला ते मला माहीत नाही. मशिनपाशी बसून मिनिटं मोजायची सवय असलेली मी, पण त्या वेळी मला मोजता आलं नाही. हळूहळू पाणी आदळायचं थांबलं. दोरी एकाएकी ढिली पडली आणि आम्ही दोघं मागं कोसळलो.

मग खालून आवाज यायला लागला. ज्यानं फिट आलेला माणूस बघितलाय त्याला तो माहीत असतो. झटके थांबले की माणूस गाढ झोपतो आणि घोरतो, जड, ओढत, ओलसर. विहिरीतून तसं घोरणं येत होतं. श्वास आत, श्वास बाहेर. आणि प्रत्येक श्वासाला पाणी बोटभर वर चढत होतं आणि बोटभर खाली उतरत होतं.

कमलबाई उठून बसली. पदरानं तोंड पुसलं. पट्टीतली गोळी काढून तिनं हळूच पाण्यात सोडली.

"उठले की घेतील," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत भीतीचा लवलेश नव्हता, नुसता थकवा होता. "बाई, आता सांगा. लावू का पुसू?"

मी त्या पाण्याकडं बघितलं. ते वर चढलं. खाली उतरलं.

"लावा," मी म्हणाले.

परतीच्या वाटेवर सिद्धाराम मनगट मांडीवर दाबून बसला. गाडी मीच चालवली. बार्शीच्या पुढं त्यानं मनगट उघडं करून माझ्यासमोर धरलं. दोरीचा वळ मनगटावर गोल उठला होता. पण त्याच्या वरच्या बाजूला, कोपराकडं, चार ओरखडे होते आणि आतल्या अंगाला एक.

"दोरी ओढली नाही कुणी, मॅडम," तो म्हणाला. "हात धरला होता. बुडणारा धरतो ना, तसा."

सोमवारी पुतळा जळला नाही. कमलबाई दिरांसमोर उभी राहिली आणि रविवारी मी तिच्या हाती दिलेला अहवाल तिनं दाखवला म्हणे. त्यात मी एवढंच लिहिलं होतं, पाण्यात औषधाचे व त्याच्या शरीरात बदललेल्या रूपाचे अंश आढळले. लोकांना त्यातलं काही कळलं नाही, पण कागदावर शिक्का होता. बांगड्या राहिल्या. मला वाटलं, झालं, संपलं. त्या बाटलीतलं उरलेलं पाणी मी मोरीत ओतून दिलं आणि मशीन दोन दिवस धूत बसले.

जूनमध्ये सिद्धारामला फिट आली.

त्याच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हती. भर दुपारी लॅबच्या जिन्यात तो कोसळला. सोलापूरला नेलं, मेंदूचे फोटो काढले, सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. कुठली ते सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ एकेक, बायको समोर उभी राहून द्यायची. तरी दर आठ-दहा दिवसांनी फिट येतच होती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. मग रक्त तपासलं आणि त्याच्यावरच चिडले. म्हणाले, रक्तात औषधच नाही, तुम्ही गोळी थुंकून टाकता.

"मी थुंकत नाही, मॅडम," तो मला म्हणाला. "तुम्ही बघा एकदा."

आमच्या लॅबमध्ये रक्त तपासत नाहीत. पण मला ते येत होतं. ओळखीच्या नर्सकडून त्याचं रक्त काढून घेतलं, गोळी घेतल्यावर तीन तासांनी. तो माझ्याशेजारी स्टुलावर बसला होता. सात मिनिटं झाली. अकरा झाली. वीस झाली. इकडून तिकडं रेघ सपाट. शुद्ध पाणी सोडल्यासारखी.

श्रावणात कमलबाई आली. भैरोबाचा प्रसाद घेऊन आली होती. अंगानं भरली होती, चेहरा उजळला होता, कुंकू पहिल्यापेक्षा मोठं. तिला बघून सिद्धाराम बाहेर निघून गेला.

"मालक लई बरे हायेत," ती हळूच म्हणाली. "फिट न्हाय, काय न्हाय. जूनपासनं."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"न्हाय. कवाच बंद केल्या म्या." ती हसली. "येक दिवस चुकून इसरले, तर काय बी झालं न्हाय. मग टाकल्याच न्हाईत. त्यांना आता मिळत असतील कुटनं तरी."

जाताना तिनं एक बाटली ठेवली. आणलीच हाय तर बघा, म्हणाली. ती गेल्यावर मी तिच्यातलं पाणी मशिनमध्ये सोडलं. आटवलंसुद्धा नव्हतं, तरी सातव्या मिनिटाला आणि अकराव्या मिनिटाला दोन्ही रेघा पडद्याच्या वरच्या कडेला भिडल्या. सुदृढ माणसानं वेळच्या वेळी औषध घ्यावं, तशा.

हे मी सिद्धारामला सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? संध्याकाळची त्याची गोळीची वेळ झाली तेव्हा मी म्हणाले, माझ्यासमोर घे. त्यानं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्याला, तोंड उघडून दाखवलं. गोळी गेली होती. मग त्यानं एक बोट वर केलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिला.

"काय झालं?"

"आवाज येतो, मॅडम. गिळली की... खाली पडल्याचा. पाण्यात पडल्यासारखा." बोट तसंच वर होतं. "सुरुवातीला लई वेळ लागायचा. खोल असायचं. मी जेवण संपवायचो, तरी यायचा नाही."

"आणि आता?"

त्यानं बोट खाली घेतलं. छातीवर, गळ्याच्या जरा खाली हात ठेवला.

"आता लगेच येतो," तो म्हणाला. "पाणी वर आलंय."